दहावीच्या भूगोलात प्लिकर्स, गूगल अर्थ आणि जिओगेसर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आधी माझी परिस्थिती सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या शाळेशी ताडून बघता येईल. मी कोपरखैरण्यात एका अनुदानित मराठी शाळेत आठवी ते दहावीला इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवते. दहावीत बेचाळीस मुलं. साधारण निम्मी माथाडींची, म्हणजे वडील वाशीच्या मार्केटात आणि गाव साताऱ्याकडे. बाकीची बरीचशी कोपरखैरणे, घणसोली, तळवलीच्या गावठाणातली आगरी-कोळी. शाळेत एक मोठा टच पॅनेल आहे, तो विज्ञानाच्या वर्गात. कॉम्प्युटर लॅबमध्ये वीस यंत्रं, चालू अकरा. मुलांना शाळेत फोन आणायला बंदी. आणि घरी म्हणाल, तर घरातला एकुलता एक चांगला फोन पहाटे वडिलांबरोबर मार्केटात जातो. त्यामुळे "मुलांनी आपापल्या मोबाइलवर लॉगिन करावे" इथून सुरू होणारं कुठलंही प्रशिक्षण माझ्या कामाचं नसतं.

जूनपासून फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे बोर्डाची परीक्षा सुरू होईपर्यंत, मी हे सगळं वापरलं. काही टाकून दिलं, काही ठेवलं.

कहूत

सुरुवात सगळ्यांसारखी मीही कहूतपासूनच केली, म्हणजे ऑनलाइन प्रश्नमंजुषेच्या खेळापासून. चार रंग, चार आकार, ते धडधडणारं संगीत. पहिल्या दिवशी लॅबमध्ये इतका कल्ला झाला की शेजारच्या वर्गातले सर दोनदा येऊन बघून गेले. मला वाटलं, जमलं.

तिसऱ्या खेपेला लक्षात आलं. मी प्रश्न टाकला होता, "पुढीलपैकी चुकीचे विधान कोणते?" पहिलं विधान बरोबर होतं आणि मुलांच्या ओळखीचं होतं. बहुतेक गटांनी तेच दाबलं. प्रश्न कोणी शेवटपर्यंत वाचलाच नव्हता. वाचणार कसा? जितक्या लवकर दाबाल तितके जास्त गुण. अकरा यंत्रांवर बेचाळीस मुलं म्हणजे एका माऊसला चार जण, आणि ज्याच्या हातात माऊस त्याचंच उत्तर.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. वाचायला वेळ लावते, पण उत्तरपत्रिकेत "भौगोलिक कारणे लिहा" तिच्याइतकं नेटकं कोणी लिहीत नाही. कहूतच्या यादीत ती दर वेळी तळाला. चौथ्या खेपेला ती "मॅडम, पोटात दुखतंय" म्हणून बाकावर डोकं ठेवून बसली.

वेळ वाढवता येतो, गुणही बंद करता येतात. मी दोन्ही करून पाहिलं, पण मग त्यात कहूत उरत नाही. अळणी पिठलं. आणखी एक किरकोळ पण रोजचा वैताग म्हणजे प्रश्नाला अक्षरांची मर्यादा असते आणि यंत्र मराठी अक्षरं आपल्यासारखी मोजत नाही. काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळं वेगळं धरतं. "स्वातंत्र्य" आपल्याला तीन अक्षरं दिसतात, यंत्राच्या हिशेबी ती अकरा. बोर्डाच्या धर्तीवरचा एखादा लांब प्रश्न टाकायला गेलात की अर्ध्यातच अडकता.

आता कहूत फक्त सुट्टीच्या आदल्या दिवशी.

प्लिकर्स

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर. प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड द्यायचं. त्यावर क्यूआरसारखी काळी चौकटी नक्षी, प्रत्येक कार्डाची वेगळी. नक्षीच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. प्रश्न पडद्यावर आला की मुलाने आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड फिरवून धरायचं. मी माझा एकच फोन वर्गावरून फिरवते, पीक पाहणीला आल्यासारखा, आणि अर्ध्या मिनिटात बेचाळीस उत्तरं जमा. मुलांकडे फोन लागत नाही की लॅबही लागत नाही. आणि शेजाऱ्याचं कार्ड बघून त्याचं उत्तर कळत नाही, कारण नक्षी वेगळी.

पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणा केला. कार्डं टिकावीत म्हणून झेरॉक्सवाल्याकडून चकचकीत लॅमिनेशन करून आणली. २७० रुपये गेले. वर्गात धरली तर ट्यूबलाइटचा प्रकाश त्यावरून परावर्तित होऊन फोनला नक्षीच दिसेना. मागच्या रांगेतली सहा मुलं हात दुखेपर्यंत कार्डं वाकडीतिकडी करत होती. शेवटी एकाने पंख्याखालची ट्यूब बंद केली, तेव्हा चार दिसली. नंतर साध्या जाड कागदावर पुन्हा काढली.

पण खरी गंमत पुढे आहे. प्रश्न होता, "जानेवारीत रिओ दि जानेरोमध्ये कोणता ऋतू असतो?" निम्म्याहून जास्त वर्गाने हिवाळा धरला. मी उत्तर सांगितलं नाही. पडद्यावर फक्त उत्तरांच्या संख्येचे खांब दाखवले आणि म्हटलं, ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे त्याला पटवा, तीन मिनिटं. कोणी पृथ्वीगोल उचलून आणला, कोणी कर्कवृत्त-मकरवृत्त घोकायला लागलं. मागून एक आवाज आला, "अरे, त्या कार्निवलच्या फोटोत कोणी स्वेटर घातलाय का?" दुसऱ्यांदा कार्डं वर झाली तेव्हा हिवाळावाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. आणि पोटात दुखणारी ती मुलगी दोन्ही वेळा उन्हाळाच धरून बसली होती. कहूतवर हे मला कधीच कळलं नसतं.

नंतर घरी निवांतपणे बघता येतं, कोणी कोणत्या प्रश्नाला काय धरलं होतं. बाकावर जोडीने बसणारी दोन मुलं दर वेळी एकच चूक करतात, हेही त्यातच दिसलं. मोफत खात्यात एका संचात मोजकेच प्रश्न बसतात. मला तेवढे पुरतात. पस्तीस मिनिटांच्या तासात चार प्रश्नांपेक्षा जास्त विचारले तर पुन्हा शर्यतच होते.

गूगल अर्थ

ज्यांना हे अजून माहीत नाही त्यांना सांगते, आपल्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची जोडी आहे. पुस्तकातलं ब्राझील माझ्यासाठी कित्येक वर्षं पडवळासारखं होतं, खायचं म्हणून खायचं. ॲमेझॉन, कॉफी, पाठांतर.

यंदा गूगल अर्थवर, म्हणजे उपग्रह चित्रांच्या फिरवता येणाऱ्या पृथ्वीगोलावर, ब्राझीलमधलं मनौस शहर दाखवलं. तिथे रिओ नेग्रोचं चहाच्या कोऱ्या पाण्यासारखं काळपट पाणी आणि अँडीजचा गाळ घेऊन येणाऱ्या सोलिमोइसचं दूध घातल्यासारखं पाणी एकत्र येतं. तापमान, वेग, घनता वेगळी असल्याने सुमारे सहा किलोमीटर दोन्ही प्रवाह न मिसळता शेजारी शेजारी वाहतात. उपग्रह चित्रात ही रेघ स्वच्छ दिसते. वर्ग गप्प झाला. मग एकाने विचारलं, "मॅडम, आमच्या संगम माहुलीला पण असं दिसतं का?" गेलो आम्ही साताऱ्याला. कृष्णा आणि वेण्णा. नाही दिसत. का नाही दिसत, यावर उरलेला तास गेला. त्या दिवशी पोर्शन इंचभरही पुढे सरकला नाही आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

ब्राझीलच्या रोंडोनिया राज्यातली जंगलतोडही अशीच. मुख्य रस्ता, त्याला काटकोनात फुटलेले रस्ते, माशाच्या काट्यासारखे. आगरी-कोळी पोरांना काटा समजावून सांगावा लागत नाही. अर्थच्या टाइमलॅप्समध्ये, म्हणजे दरवर्षीची चित्रं एकामागून एक दाखवणाऱ्या फितीत, १९८४ पासून वर्षावर्षाने तो काटा कसा जाडजूड होतो ते दिसतं.

इतिहासाची जोड मात्र मलाही नवीन होती. पेद्रो आल्वारिश काब्राल हा पोर्तुगीज खलाशी भारताकडे यायला निघाला, एप्रिल १५०० मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच सफरीत सप्टेंबरमध्ये कालिकतला पोचला. अर्थमध्ये मोजपट्टी असते, तिने लिस्बन ते ब्राझील, तिथून आफ्रिकेला वळसा घालून कालिकत अशी रेघ ओढली. मग ती तशीच वर वसईपर्यंत, ठाण्याच्या किल्ल्यापर्यंत आणली. ठाण्याचा किल्ला म्हणजे आताचं मध्यवर्ती कारागृह. तो १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, वसई १७३९ मध्ये. "म्हणजे ठाणं आणि ब्राझील एकाच मालकाचं होतं?" असं एकाने विचारलं. शब्द ओबडधोबड, पण प्रश्न पुस्तकातल्या स्वाध्यायापेक्षा चांगला.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही जिथे थांबलो ते ठिकाण अभ्यासक्रमात नाहीच. अर्थच्या डेस्कटॉप आवृत्तीत घड्याळाचं चिन्ह दाबलं की जुनी चित्रं मिळतात. ऑक्टोबरमध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हा सगळीकडे त्याचीच चर्चा होती, म्हणून अर्थवर विमानतळाजवळच्या उलव्याला गेलो. पट्टी मागे सरकवली. धावपट्टी गेली. कापलेली टेकडी पुन्हा उभी राहिली. वळवलेली उलवे नदी आपल्या जुन्या वाटेला आली. मिठागरांचे चौकोन, खाडी, खारफुटी. एक मुलगी पॅनेलपाशी येऊन अगदी नाक लावून बघायला लागली. तिचं आजोळ कोंबडभुजे, विमानतळाला गेलेल्या गावांपैकी. आधी तिला काही ओळखू येईना, सगळी छपरं सारखीच. मग देऊळ सापडलं. देवळावरून तिने बोट सरकवलं, दोन आळ्या ओलांडल्या आणि एका कौलारू ठिपक्यावर थांबवलं. "ह्ये. आणि आज्याची होरी इथं लागायची." मी पट्टी एकेक वर्ष पुढे घेत गेले. एका वर्षी ठिपका होता, पुढच्या चित्रात तिथे तांबडी माती.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची, शहरासाठी ९५ गावांची जमीन, जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात झालेला गोळीबार आणि त्यातले पाच हुतात्मे, आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील, जमीन गेलेल्यांना विकसित भूखंड परत देणारी साडेबारा टक्के योजना. हे सगळं मी दरवर्षी जाता जाता सांगत असे. यंदा मुलांनीच घरून आणलं. एकाने आजोबांच्या पेटीतली जमिनीची नोटीस आणली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. घाटावरच्या पोरांनी कोयनेच्या धरणाखाली गेलेल्या गावांचं सांगितलं. एरवी गावठाण आणि माथाडी वसाहत मधल्या सुट्टीतसुद्धा वेगळे डबे खातात. त्या दोन दिवसांत बाक जरा सरमिसळ झाले.

तक्रारी आहेत. नेट खातं. माझ्या फोनचा दिवसाचा दीड जीबी दुसऱ्याच तासाला संपला. आमच्या लॅबमधल्या जुन्या यंत्रांवर त्रिमिती दृश्य सुरू केलं की पंखा विमानासारखा वाजतो. टाइमलॅप्समध्ये घरं दिसत नाहीत, टेकड्या आणि जंगलंच दिसतात. घरं बघायची तर अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांचीच स्पष्ट चित्रं, तीही सगळीकडची नाहीत.

आणि एक मोठी तक्रार, जी मला डिसेंबरपर्यंत कळली नाही. सराव परीक्षेत ब्राझीलचा आराखडा नकाशा भरायला दिला. ज्या मुलांनी मनौसवर दहा वेळा उड्या मारल्या होत्या त्यांनी मनौस समुद्रकिनाऱ्याला लावलं. साहजिक आहे. सर्चमध्ये नाव टाकलं की अर्थ उचलून नेतं आणि अलगद उतरवतं. मधली वाट कोणी चाललेलंच नसतं. त्यानंतर नियम केला: आधी कोऱ्या आराखड्यावर पेन्सिलीने ठिपका, मग अर्थ उघडायचं आणि सर्च न वापरता हाताने सरकत तिथवर जायचं. नदी धरून जा, रस्ता धरून जा, पण पायी जा. ट्रेसिंग पेपर पुन्हा बाहेर काढले. जानेवारीत नकाशे बरेच सुधारले.

ता. क. आकारांचा गोंधळ काढायचा असेल तर एखादा देश उचलून दुसऱ्यावर ठेवता येतो अशी "द ट्रू साइज" नावाची साइट आहे. भारत उचलून ग्रीनलंडवर ठेवा. नेहमीच्या नकाशात ग्रीनलंड भारताच्या कितीतरी पट दिसतं, प्रत्यक्षात भारताचं ३२.८७ लाख चौरस किलोमीटर आणि ग्रीनलंडचं साधारण २१.७ लाख. पाच मिनिटांचं काम.

जिओगेसर

रस्त्याचं चित्र समोर येतं, जगात कुठे आहोत ते ओळखून नकाशावर खूण करायची. मूळ स्वीडनमधला खेळ, २०१३ चा. भारतात स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे गूगलची रस्त्यांवरची चित्रं, नीट सुरू झालं २०२२ मध्ये, त्यामुळे आता आपल्याकडचे रस्तेही निघतात. मोफत फार खेळता येत नाही, जाहिरातीही येतात. मी दोन महिने पदरचे पैसे भरले, आमच्या "अहों"ना न सांगता.

यातही घड्याळ असतं, पण ते बंद करता येतं. बंद केलं की हा वेगळाच खेळ होतो. बेचाळीस जण एका चित्रावर वाद घालतात. गाड्या उजव्या बाजूने चालल्यात म्हणजे भारत नाही. सूर्य उत्तरेला आहे म्हणजे आपण दक्षिण गोलार्धात. माती तांबडी, जांभी. नारळ आहे. एकदा तांबडी माती आणि नारळ बघून सगळे "रत्नागिरी!" म्हणून ओरडले आणि पाटी निघाली पोर्तुगीज. ब्राझील. त्यानंतर पाटीवर "रुआ" (पोर्तुगीजमध्ये रस्ता) दिसलं की वर्ग ब्राझीलवर खूण करायला शिकला, तेवढ्यात एकदा उन्हाळी सुट्टीत गोव्याला जाऊन आलेला मुलगा उठला. "पणजीला पण रुआ आहे. फोंतेन्यासमध्ये. मी फोटो काढलाय." मग भिंतीचा रंग, दुचाकीची नंबरप्लेट, रस्त्याची बाजू यावरून दोन रुआ वेगळ्या कशा करायच्या हे त्यांनीच ठरवलं. मृदा, हवामान, वसाहतवाद एकाच चित्रात, आणि मी तोंड उघडलं नव्हतं.

तरीही पुढच्या वर्षी पैसे भरणार नाही. दर चौथं चित्र एखाद्या मोकळ्या महामार्गाचं निघतं, जिथे ओळखायला काहीच नसतं. त्यापेक्षा मी स्वतः स्ट्रीट व्ह्यूमधून वीसेक जागा निवडून ठेवल्यात.

मतदानाचं ॲप

नवव्या इयत्तेला वर्गप्रतिनिधी निवडायचा होता. मतदान यंत्रासारखी दिसणारी मोफत ॲप्स मिळतात. नाव, चिन्ह, निळं बटण आणि लांबलचक "बीऽऽप". मी जुन्या पुस्तकांचे खोके उभे करून आडोसा केला, बोटाला मार्करची शाई. उमेदवार तीन आणि शेवटी "नोटा", जो आपल्याकडे २०१३ पासून आहे. सोळा मतं झाली आणि सतराव्या मुलीने खोक्याआडून मान बाहेर काढली. "मॅडम, 'अहो' म्हणून आलंय, दाबू का?"

फोन फ्लाइट मोडवर टाकायला मी विसरले होते. नवऱ्याचा फोन. तिने कापायच्या नादात कुठेतरी बोट लावलं आणि मत कोणाला गेलं ते कोणालाच कळेना. मग जे झालं ते कुठल्याही पाठात नाही. हरण्याच्या बेतात असलेल्या उमेदवाराने लेखी तक्रार दिली. फेरमतदान सगळ्यांचं की फक्त त्या एका मताचं, यावर दोन तट पडले. एका मुलाने विचारलं, मत गुप्त असेल तर तिचंच मत कोणतं हे शोधणार कसं? शेवटी पूर्ण फेरमतदान झालं, तेही चिठ्ठीवर, कारण "ॲपवर आमचा विश्वास नाही" असा ठरावच झाला. मी १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक, तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन, निरक्षर मतदारांसाठी आणलेली चिन्हं, चार महिने चाललेलं मतदान, हे त्या दिवशी सांगितलं आणि पोरं टक लावून ऐकत होती.

जानेवारीत खऱ्या महापालिका निवडणुका झाल्या. प्रत्येकाला चार-चार मतं का, हे नववीची मुलं घरी आईवडिलांना समजावत होती म्हणे. मी तेव्हा निवडणूक ड्यूटीवर होते, त्यामुळे आमचे तीन तास बुडाले ते वेगळंच.

नागरिकशास्त्राचे तयार ऑनलाइन खेळ शोधले, पण चांगले आहेत ते परके. आयसिव्हिक्स नावाची अमेरिकेतली उत्तम साइट आहे, २००९ मध्ये तिथल्या माजी न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी सुरू केलेली. पण खेळ व्हाइट हाउसचे आणि तिथल्या घटनेचे. आपली ग्रामसभा, स्थायी समिती, विधान परिषद यावर तसं काही मराठीत मला मिळालं नाही. अमेरिकेत १९७१ मध्ये शिकाऊ शिक्षकांनी इतिहासाच्या तासासाठी "ओरेगॉन ट्रेल" हा खेळ टेलिटाइपवर, म्हणजे पडदासुद्धा नसलेल्या यंत्रावर, केला होता. आपल्या कोणी संगणक शिकणाऱ्या माजी विद्यार्थ्याने मनावर घेतलं तर विषय मी देते.

खर्च आणि जूनचं

कार्डं दोनदा काढली, जिओगेसरचे दोन महिने, आणि नेटचे जादा पॅक. सगळं मिळून दोन हजारांच्या आत. वेळ मात्र भरपूर गेला. एका चांगल्या अर्थ तासाची तयारी रविवारचे दोन तास खाते, आणि नेट गेलं तर काय, याची दुसरी तयारी वेगळी. मी स्क्रीनशॉट पेनड्राइव्हवर ठेवते. तीन वेळा उपयोगी पडले.

जूनमध्ये नवी दहावी येईल. प्लिकर्स पहिल्या आठवड्यापासून, अर्थ महिन्यातून दोनदा, ट्रेसिंग पेपर कायम. कार्ड क्रमांक २३ हरवलंय, ११ वर कोणीतरी बॉलपेनने मिशी काढल्याने ते स्कॅन होत नाही. नवा संच काढायचाच आहे. झेरॉक्सवाला ओळखतो आता. मी दारात दिसले की म्हणतो, "मॅडम, लॅमिनेशन नको ना?"